व्हर्जन लिहायला काय जातं?
डोंबिवली-दादर उभ्याने करून रात्री दहाला घरी येतो, जेमतेम तासभर मिळतो त्यात टाउरी (वेबच्या कोडमधून डेस्कटॉप ॲप बनवायचं टूल) शिकायला म्हणून आईच्या भिशीच्या हिशेबाचं छोटंसं डेस्कटॉप ॲप करतोय आणि दरवेळी तेच, ट्युटोरियल बघून कोड लिहा, रन करा, एरर! का तर ते व्हर्जन १चं. अरे ऑक्टोबर २०२४ मध्ये २ आलं, ॲपला काय काय करायची परवानगी आहे ते सांगणारी अलाउलिस्ट जाऊन तिच्या जागी कॅपॅबिलिटीज आल्या, स्क्रीनच्या कोडमधून मागचा कोड बोलावणाऱ्या इन्व्होकचं इम्पोर्टसुद्धा बदललं, मग जुन्या व्हिडिओखाली एक ओळ टाकता येत नाही? काल फाइल सेव्ह होईना म्हणून एक वाजेपर्यंत बसलो, परमिशनची एकच ओळ राहिलेली. सकाळची फास्ट चुकली ती चुकलीच. निदान टायटलमध्ये तरी व्हर्जन टाका ना यार, प्लीज!