किंमत फोनवर कळेल

लेकीचा पियानोचा क्लास दर शनिवारी अर्धा तास. तो अर्धा तास मी बाईंच्या घरच्या पॅसेजमध्ये काढतो. न्यू जर्सीच्या थंडीत गाडीत बसवत नाही आणि फोन काढला की बाई काचेतून बघतात. उरतात ती स्टुलावरची पियानोची मासिकं.

लेख कोण वाचतंय! मी जाहिराती वाचतो. काळा कुळकुळीत ग्रँड पियानो, मागे तळं, आजूबाजूला चिटपाखरू नाही. पियानोवर घडी न केलेले कपडे नाहीत, दप्तर नाही, वाजवणारंही कोणी नाही. लाकूड कसलं, लांबी 274 सेंटिमीटर, वजन 480 किलो, सगळं छापलेलं. फक्त किंमत नाही. स्थळाच्या माहितीत 'बाकी प्रत्यक्ष भेटीत' असतं ना, तसं.

घरी येऊन टेप लावली. सोफ्यापासून निघालेली टेप फ्रिजच्या दारात पोचली.

"म्हणजे दूध काढायला पियानोवर चढायचं?" हिने विचारलं.

पुढच्या पानावर पियानोच्या पोटात बसवायचं यंत्र. म्हणे हवेतली आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत राहिली नाही तर लाकूड फुगतं, आखडतं, सूर उतरतो. आमच्या आईच्या पेटीने गिरगावातल्या चाळीत पलंगाखाली तीस पावसाळे काढले. एक सूर रुसला, तोही आम्ही भावंडांनी भात्यात चिंचोके टाकले म्हणून.

1926 सालची ती गाजलेली जाहिरातही एका अंकात होती: मी पियानोपाशी बसलो तेव्हा सगळे हसले, पण वाजवायला लागलो तेव्हा...! घरबसल्या टपालाने संगीत शिकवणाऱ्या शाळेची. आमच्याकडे दोन्ही वेळा हसू दाबावं लागतं. कलाकार आठ वर्षांची आहे आणि लगेच रडते.

पण मला जिंकलं ते 'सायलेंट' पियानोने. कळ दाबली की हातोडी तारेला लागायच्या आत अडते आणि सूर फक्त वाजवणाऱ्याच्या हेडफोनमध्ये. आधी आवाजासाठी पैसे मोजायचे, मग तो बंद करण्यासाठी. तेच आठ सूर दोन महिने ऐकलेल्या बापाला यात काहीही विसंगत वाटत नाही.

फोन केला. "कोण वाजवतं? खोली केवढी? कार्पेट आहे?" किंमत सोडून सगळं झालं. "शनिवारी या, बसून वाजवून बघा." शनिवारी क्लास असतो म्हणून मी फोन ठेवला.

त्या शनिवारी गाडीत बसता बसता लेक म्हणाली, "बाबा, आजपासून डावा हातपण!"

मी पट्टासुद्धा न लावता शोरूमला फोन लावला.