मी बघितलं होतं

शनिवारपासून माझी मान अवघडली आहे आणि कारण सांगितलं की लोक हसतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झाले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, लख्ख उजेडात, रिकाम्या मैदानात.

लेखी परीक्षेबद्दल काही बोलायचं नाही. ती मी पहिल्या फटक्यात काढली होती. 'थांबा'ची पाटी अष्टकोनी का, तर मागून पाहिली तरी नुसत्या आकारावरून ओळखता यावी म्हणून. वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यानंतर गाडी चौपट अंतर घसटत जाते. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात 'अगंबाई' म्हणायला एक सेकंद घेतलात, तर तेवढ्यात गाडी जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. हे सगळं मला अजूनही झोपेत विचारा. विचारणार कोण, हा प्रश्न वेगळा.

तर त्या मैदानाच्या कडेला एक बाक होता आणि बाकावर एक गृहस्थ. मांडीवर फाइल, फाइलवर रुमाल, रुमालावर दोन्ही हात. लग्नात वधूपक्षाचे मामा बसतात तसे, जबाबदारीनं.

"पहिलीच वेळ का ताई?"

"हो. तुमची?"

"सातवी," ते म्हणाले. पुस्तकाची आवृत्ती सांगावी अशा थाटात.

काय बोलावं ते मला कळेना. त्यांना मात्र कळत होतं. पहिल्या वेळी चढावर गाडी तीनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी पार्किंग करताना मागचं चाक फुटपाथवर चढलं, "पण अगदी अलगद चढलं हो." तिसऱ्या वेळी वळण संपलं, इंडिकेटरची टिकटिक काही संपली नाही. चौथ्या वेळी अख्खी फेरी हँडब्रेक न सोडता मारली. पाचव्या वेळी त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

"मग नापास कसे झालात?"

"आलोच नव्हतो."

"आणि सहाव्या वेळी?"

"ते म्हणाले डावीकडे घ्या. मी उजवीकडे घेतली." क्षणभर थांबून त्यांनी समोरच्या मैदानाकडे पाहिलं. "घेतली मात्र फार सुंदर."

मग ते माझ्याकडे सरकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "ताई, गाडी काय, कोणीही चालवतं. मान फिरवता आली पाहिजे. आरशात तुम्ही नुसते डोळे फिरवलेत तर ती नजर तुमच्यापाशीच राहते. त्यांच्या कागदावर जात नाही. मान गेली पाहिजे मान!" आणि त्यांनी करून दाखवलं. आधी मधला आरसा, मग बाजूचा, मग खांद्यावरून मागे, हनुवटी पार दंडाला टेकवून. घुबडानं सुद्धा वही काढून लिहून घेतलं असतं. शेजारून जाणारा पहारेकरी थांबला आणि मान डोलावून म्हणाला, "आज चांगली वळतेय."

मी हसून विषय बदलला. मनात म्हटलं, सहादा आपटलेला माणूस मला शिकवतोय. हा शहाणपणा आज मानेत ठणकतोय.

नंबर यायला तासभर लागला. त्या तासात मला सारखी बेर्टा बेंझ आठवत होती, मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको. १८८८च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याचीच मोटार काढून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभर किलोमीटरहून जास्त. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिननं साफ केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं आणि ब्रेकला चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढ आला की मुलं उतरून गाडी ढकलायची. गाडी रस्त्यावर चालवायची सरकारी परवानगी होती, पण ती नवऱ्याच्या नावावर. म्हणजे कागद त्याच्याकडे आणि रस्ता हिच्याकडे. हिला कोणी खांद्यावरून बघितलंस का म्हणून विचारलं नाही. अर्थात मागून यायला दुसरी मोटार होतीच कुठे, हेही खरं.

परीक्षक माझ्या भाच्याच्या वयाचा. "काकू, बेल्ट," एवढंच म्हणाला. मी त्याला 'सर' म्हणत होते आणि तो मला काकू. हे एक असो.

चढ मी कसा काढला ते मात्र ऐकाच, कारण त्याबद्दल मला कोणी शाबासकी दिलेली नाही. क्लच सोडत आणताना एका जागी गाडीला बारीक थरथर सुटते, इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो आणि बॉनेट श्वास घेतल्यासारखं किंचित उचलतं. नेमका तिथे पाय रोखला आणि मग हँडब्रेक सोडला, तर गाडी बोटभरही मागे येत नाही. माझी आली नाही. रिव्हर्स पार्किंग एका झटक्यात बसलं. परीक्षक कागदावर खुणा करत होता आणि मी मनातल्या मनात कोणाकोणाला गाडीतून फिरवायचं याची यादी करत होते.

"काकू, कडेवरून गाडी काढताना मागे बघितलं नाहीत."

"बघितलं की."

"मला दिसलं नाही."

"मला दिसलं ना, सर. बघायचं मला होतं."

"मान फिरली नाही तुमची."

आता याला काय सांगू? माझी मान मुळात आखूड. आईकडून आलीय. आमच्या माहेरी मान फिरली तरी बाहेरच्याला पत्ता लागत नाही. आणि आरशात न मावणारा कोपरा असतो, तिथं सायकलवाला अख्खा लपतो, म्हणून वळून बघायचं, हे मलाही पाठ आहे. नियमाशी माझं भांडण नाहीच. भांडण आहे ते 'दिसलं नाही म्हणजे केलं नाही' याच्याशी. तेवीस वर्षं घरात मी बघतेच आहे. दाराची कडी, गॅसचं बटण, ठिबकणारा नळ, सगळं मान न हलवता. त्याचीही कोणी नोंद केलेली नाही. पण तिथे निदान कोणी कागद घेऊन शेजारी बसत नव्हतं.

सातवी आवृत्ती माझ्यानंतर निघाली. मी बाकावरून बघत होते. काचेआड गृहस्थांचं डोकं असं फिरत होतं की गाडी कुठे चाललीय याच्याशी त्याचा संबंध नसावा. मागचं चाक पांढऱ्या रेषेला चाटून गेलं, माझ्या दोन्ही डोळ्यांनी पाहिलं मी. दहा मिनिटांनी ते परत आले. चेहरा पांढरा पडलेला.

"ताई, पास केलं हो मला." दुखवट्याची बातमी द्यावी तसे म्हणाले.

मी अभिनंदन केलं. जरा उशिराच केलं. रस्ते वाहतुकीच्या व्हिएन्नाच्या १९६८च्या आंतरराष्ट्रीय करारात या साध्या परवान्याच्या वर्गाला 'बी' म्हणतात. ३,५०० किलोपर्यंतची गाडी आणि चालक सोडून आठ जणांच्या जागा. आठ माणसं आता यांच्या भरवशावर. ते बराच वेळ घुटमळले. मग रुमालानं बाकाची माझ्या बाजूची फळी पुसली आणि म्हणाले, "इथे बसत जा. साडेअकरापर्यंत सावली असते."

खरं उत्तर मला परतताना, बसच्या खिडकीशी सुचलं. गाडी काढताना उजव्या खांद्यामागे, कुंपणाच्या खांबाला टेकून, एक पिवळट कुत्रं बसलं होतं. एक कान उभा, दुसरा मोडलेला. आरशात ते नव्हतं. मग मला कसं दिसलं?