बोअर घ्यायचाय? शेजाऱ्याच्या विहिरीजवळच घ्या!

रानात पाणी नाही? माझ्या बांधाला बांध असलेल्या भावकीतल्या एकानं गेल्या आठवड्यात जो मार्ग दाखवला, तो फुकटात सांगतो.

आधी पाणाड्या बोलवा. तळहातावर नारळ ठेवून तो शेतभर हिंडेल आणि नारळ बरोबर दुसऱ्याच्या विहिरीजवळ उभा राहील. नारळालाही अक्कल असते.

बोअर पाडायची गाडी रात्रीच बोलवा. दिवसा लोक विचारतात.

२०० फुटांवर थांबू नका. २००९ चा भूजल कायदा ६० मीटरच्या पुढं ‘खोल विहीर’ म्हणतो, म्हणू द्या. कायदा काय बोअरात उतरून मोजणार आहे? आपल्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते बहुतेक वरच्या मुरमात आणि भेगांत, खाली नुसता फुफाटा. तरी ८०० गाठाच.

पाणी लागलं की ऊस. ज्वारी-करडईवाल्याच्या पोराला मुलगी कोण देतं? २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली खेप १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याच पावसाळ्यात मांजरा धरण भरलं आणि आपण काय लावलं, ते मी कशाला सांगू?

म्हाताऱ्यांचं तर मुळीच ऐकू नका. म्हणे मोटेचे बैल दुपारी दमायचे, तेवढ्यात झरे विहीर भरून काढायचे. चार भावांच्या पाळ्या, भांडणं व्हायची, पण पाणी सगळ्यांना पुरायचं. मग इंजिन आलं, वीज आली, मोटार दमेना. १९७२ च्या दुष्काळात बोअर पाडले ते हापशाला, माणसांनी प्यावं म्हणून. आता माणसं टँकरवर आणि बोअर उसाला!

आणि केसिंग, म्हणजे बोअरात वरून बसवायचा पाइप, वीस फुटांतच संपवा, पैसे वाचतात. त्याच्याखालच्या भेगांतलं पाणी आपसूक तुमच्या बोअरात सांडतं. कुणाचं पाणी? माझ्या विहिरीचं, अजून कुणाचं! आज्यानं सुरुंग लावून, टिकाव मारून काढलेली सात परस, म्हणजे सात पुरुष खोल विहीर. मंगळवारी रात्रभर तुझी गाडी घरघरली, शुक्रवारी माझ्या मोटारीनं चिखल ओढला. तुला तरी काय लागलं? अर्धा इंच पाणी! आणि काल पारावर मलाच विचारतोस, “आण्णा, हजार फुटांपर्यंत रिबोर करू का, तोच बोअर अजून खोल?” लाज वाटत नाही का रे?

आणि तुम्ही, हे वाचून हसताय ते. आपल्या रानातले फेल गेलेले बोअर मोजा आधी. त्यांची तोंडं तरी झाकलीत का? लेकरं खेळतात तिथं.