हे गवत लावलेलं आहे

शोभेचं गवत वाढवताना ऊन, पाणी, खत हे सगळं नंतरचं. आधी ते मुद्दाम लावलंय हे जगाला पटवावं लागतं. पाहुणे चपला काढता काढता म्हणतात, "बागेत गवत फार माजलंय हो!" आणि माळीकाका शाबासकीच्या अपेक्षेने सांगतात, "ताई, सगळं तण उपटून टाकलं." म्हणून माझा पहिला सल्ला: गवताभोवती विटांचं रिंगण करा. विटा दिसल्या की खुरपं थबकतं.

तुऱ्यांचा शौक असेल तर जांभळ्या पानांच्या फाउंटन ग्रासपासून सुरुवात करा. तीन-चार फुटांचा ठोंब होतो आणि वर मांजराच्या शेपटीसारखे लालसर तुरे झुलतात. याच्या बियांचं पाकीट कुणी विकत असेल तर नमस्कार करून पुढे जा. या वाणाला रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. रोप आणायचं किंवा ठोंब फोडायचा. हिरव्या पानांच्या फाउंटन ग्रासची तऱ्हा नेमकी उलटी. ते एका कुंडीत लावलं की पुढच्या वर्षी फरशीच्या फटीत, गटाराच्या कडेला आणि शेजाऱ्यांच्या तुळशीत उगवतं. तुरे पिकायच्या आत कापायची शिस्त नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

कुणीतरी हमखास सुचवतं, "परदेशी कशाला? आपली कुसळी लावा की!" जरूर लावा, फक्त पायवाटेपासून लांब. तिच्या कुसळाला पीळ असतो. ओल लागली की तो उलगडतो, सुकलं की पुन्हा वळतो, आणि या फिरकीने बी गिरमिटासारखं मातीत घुसतं. माती मिळाली नाही तर त्याला पायमोजाही चालतो.

जागा निदान सहा तास उन्हाची हवी. सावलीत पानं लांबतात, तुरे रुसतात. काळ्या मातीत पाणी साचून बुंधा कुजतो, म्हणून वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा. दोन ठोंबांत दोन फूट अंतर ठेवा. कुंडी बारा इंची. तिच्यात दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग जुनं शेणखत. आणि इथेच आपल्यातली अन्नपूर्णा जागी होते: बिचारं वाळकं दिसतंय, घालू या मूठभर युरिया! नत्र जास्त झालं की पानांचं रान माजतं, काड्या पोकळ आणि लुसलुशीत होतात, आणि पहिल्या जोरदार सरीत अख्खा ठोंब लोटांगण घालतो. वर्षातून दोनदा ओंजळभर कंपोस्ट पुरे. याला थोडं उपाशीच ठेवावं.

दोन-तीन वर्षांत ठोंबाला मधोमध टक्कल पडतं. नवे फुटवे बाहेरच्या कडेने येतात आणि मधलं खोड म्हातारं होऊन वाळतं. त्यावर तेल नाही, कुदळ चालवायची. जूनमध्ये दोन पाऊस झाले की ठोंब उकरा, कडेचे पाच-सहा फुटव्यांचे मुळांसकट तुकडे करा, पानं वीतभर ठेवून छाटा आणि लगेच लावा. मधला भाग कंपोस्टात.

फुलदाणीसाठी तुरा पानाच्या वेष्टणातून नुकता बाहेर पडला की कापायचा. जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे उलटी टांगा. "अजून थोडा फुलू दे" या मोहाला बळी पडलात तर तो फुलतोच, पण दिवाणखान्यात, आणि मग ती लव सोफा, पंखा आणि आमटीतून गोळा करत बसावं लागतं.

फेब्रुवारीअखेर छाटणी. आधी ठोंब सुतळीने आवळून बांधा, मग जमिनीपासून चार-सहा बोटं ठेवून विळ्याने कापा. न बांधता कापलं तर पानं अंगणभर होतात. फूलबाह्यांचे कपडे घाला, पात्याची धार हाताला कापते. छाटल्यावर दोन-तीन आठवडे तिथे नुसते वाळके खुंट दिसतात. एवढे दिवस खुरपं कपाटात ठेवायचं आणि किल्ली माळीकाकांना सापडू द्यायची नाही.