घरात काही बोलू नका

कुटुंबाच्या आर्थिक सुरक्षेचा पहिला नियम असा, की त्या विषयावर घरात बोलायचं नाही. पुण्यात बोलायला विषयांची वानवा नाही. शेजारच्यांनी स्कूटर रेषेच्या आत लावली की बाहेर, समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलाला हिंजवडीत किती पॅकेज मिळालं, मार्केट यार्डात हापूसची पेटी कितीला सुटली, यावर तुम्ही तासन् तास बोलू शकता. पण ‘मला काही झालं तर’ हे चार शब्द तोंडातून निघाले, की आतल्या खोलीतून आईचा आवाज आलाच पाहिजे : “शुभ बोल रे, वास्तू तथास्तु म्हणत असते!” ही वास्तू मोठी चोखंदळ आहे. ‘लिफ्ट चालू राहू दे’, ‘टँकर न मागवता उन्हाळा जाऊ दे’ याला कोथरूडमधल्या एकाही वास्तूने आजवर तथास्तु म्हटलेलं नाही. विम्याचं नाव काढलं की मात्र तिचे कान टवकारतात.

तरीही विमा घ्यायचाच असेल, तर तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, कर वाचवायला, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही अशाच माणसाकडून घ्या. मावशीच्या जावेचा मुलगा उत्तम. तुमच्यावर कर्ज किती, मुलं केवढी, आईवडील कोणाच्या जिवावर, असले प्रश्न तो विचारणार नाही. विचारलेच तर पोहे पुढे करा. तुम्ही मात्र एक प्रश्न नक्की विचारा : “पैसे परत मिळतात ना?” साध्या टर्म इन्शुरन्समध्ये मिळत नाहीत. तिशीतल्या निरोगी, निर्व्यसनी माणसाला वर्षाला साधारण दहा-पंधरा हजारांत एक कोटीचं संरक्षण मिळतं खरं, पण मुदत संपेपर्यंत तुम्ही जगलात तर हाती शून्य. म्हणजे जिवंतही राहायचं आणि वर नुकसानही सोसायचं! त्यापेक्षा वर्षाला पन्नास हजार भरा, दहा लाखांचं संरक्षण घ्या, आणि वीस वर्षांनी मुदत ठेवीएवढ्याच दराने पैसे परत आले, की पेढे वाटा. बाणेरच्या फ्लॅटवर कर्ज ऐंशी लाखांचं आणि विमा दहा लाखांचा, ही वजाबाकी मागे राहणाऱ्यांनी करायची असते.

‘हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणून घेत नाही’ हे एक भारदस्त कारण आपल्याकडे होतं. सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरचा तो करच काढून टाकला. सामान्य माणसाच्या अडचणींचा कोणी विचारच करत नाही. सुदैवाने नव्या करप्रणालीत हप्त्याची वजावट मिळत नाही, तेव्हा ‘मग घेऊन उपयोग काय?’ हे कारण काही वर्षं पुरावं.

प्रपोजल फॉर्म एजंटला भरू द्या, तुम्ही फक्त सह्या करा. तंबाखू? नाही. शुगर? ‘बॉर्डरवर’ आहे, म्हणजे नाहीच. विमा कायद्याचं कलम ४५ सांगतं, की पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणतंही कारण काढून ती वादात ओढता येत नाही. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत तुम्ही गेलात, तर हॉस्पिटलचे जुने कागद उकरून काढायचं काम घरच्यांच्या आधी कंपनी करील.

नॉमिनीच्या रकान्यावर मात्र मनापासून मेहनत घ्या, कारण खरी करमणूक तिथे आहे. लग्नाआधीच्या पॉलिसीवर आईचं नाव असेल तर ते तसंच ठेवा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील, तर रक्कम त्यांच्याच मालकीची होते. सासू-सुनेला चिवड्यातल्या मिठावरून बोलून बोलून कंटाळा आला असेल. त्यांना एक नवा विषय मिळेल. बँकेच्या ठेवीचं उलट. तिथे नॉमिनी पैसे घेतो तो विश्वस्त म्हणून, हक्क वारसांचा. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आता हा फरक तुम्ही हयातीत समजावून सांगितलात, तर मुलं आपसांत समजुतीने वागायची भीती आहे. नाही सांगितलात, तर प्रकरण शिवाजीनगरला जाईल. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालयापाशीच येऊन मिळतात. भाऊ वनाजहून आणि बहीण पिंपरीहून निघाली तरी दोघं तारखेला वेळेवर पोचतील. नगररचना इतकी विचारपूर्वक क्वचितच होते.

मृत्युपत्राच्या भानगडीत पडू नका. साधा कागद, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढ्यावर ते होतं. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. इतक्या स्वस्तात होणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायला आपण काय कालचे आहोत?

कागदपत्रं लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या पिशवीत घालून कपाटाच्या लॉकरमध्ये, नेटबँकिंगचा पासवर्ड डोक्यात आणि फोनचं कुलूप अंगठ्यावर ठेवा. दरवर्षी मेअखेरीस खात्यातून ४३६ रुपये कापले जातात, ते ‘बँकवाले घेतात काहीतरी’ म्हणून सोडून द्या. तो जीवनज्योती योजनेचा दोन लाखांचा विमा आहे हे घरात कळलं, तर तुमच्या माघारी कोणीतरी तो मागायला जाईल. कोणी मागितलाच नाही, तर विम्याचा पैसा दहा वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातो, आणि बँकेतला बेवारस पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत. पुण्यात पावती न घेता एवढी मोठी देणगी दुसरं कोण देतं? तो मागून परत मिळवता येतो, आणि बँकांतल्या अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाचं पोर्टलही काढलं आहे. ही माहिती कृपया आपल्यापुरतीच ठेवा.

बायकोला सांगायचा तर प्रश्नच नाही. तिला आकड्यातलं कळत नाही. बारा जणींची भिशी ती चालवते, सोसायटीच्या हिशेबातली चूक ऑडिटरच्या आधी तिलाच सापडते, थोरलीच्या बारशाला सोनं काय भावाने घेतलं ते तिला अजून पाठ आहे. पण ते वेगळं. तिचा स्वतःचा विमा काढायचं तर मनातही आणू नका. ती कमवत नाही. उद्या ती नसली तर स्वयंपाकाची बाई, मुलांची ने-आण, आईंची औषधं आणि रात्रीची जाग यांचं बिल महिन्याला किती येईल, हा हिशेब फार नाजूक आहे. आणि तुमची स्वतःची पॉलिसी घेतानाच एक पुरवणी अर्ज भरला, तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली ती रक्कम बायको-मुलांसाठी राखून ठेवता येते, सावकारालाही हात लावता येत नाही, ही गोष्ट दीडशे वर्षं गुप्त राहिली आहे. तुमच्यामुळे फुटायला नको.

तरी एखाद्या रविवारी जेवणानंतर ती म्हणेलच, “अहो, ते पॉलिसीचं एकदा लिहून तरी ठेवा.” घाबरू नका, “अगं, सणवार जाऊ देत” म्हणा. पितृपक्षात हा विषय नको, कारण अशुभ. नवरात्रात नको, कारण शुभ. दिवाळीत खर्चाचं बोलू नये, मार्गशीर्षात तिचे गुरुवार असतात. पुढे संक्रांत येते, आणि संक्रांतीला तर गोडच बोलायचं असतं.