हरणांचा सीझन

अमेरिकेत नोव्हेंबरअखेर येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आईला जंगलात न्यायचं हे मी जुलैतच ठरवलं होतं. बुकिंग मात्र नोव्हेंबरात करायला घेतलं, ही आमच्या घराण्याची रीत. तळ्याकाठी लाकडी केबिन, शेकोटी आणि झोप, एवढंच हवं होतं. पण मॅडिसनपासून साडेतीन तासांवरच्या मिनाक्वाच्या आसपास जिथे विचारावं तिथे फुल्ल. विस्कॉन्सिनमध्ये इतक्या लोकांना निवांतपणा हवा असतो, हे मला नवीन होतं.

शेवटी एक मिळाली. आधीच्या टोळीत कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं होतं. मालक फोनवर सोयी सांगत होता: आठ जणांची झोपायची व्यवस्था, भलामोठा फ्रीझर आणि परसात टांगायला भक्कम आडवा ओंडका. मी आईला म्हटलं, "झोपाळा आहे."

पहिल्या पहाटे पावणेसातला पहिली गोळी ऐकू आली आणि सगळा उलगडा झाला. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस इथे बंदुकीने हरीण मारायचा सीझन असतो. पाच लाखांहून जास्त लोक परवाने काढतात. बाप, आजोबा, नातवंडं सगळी जंगलात. आपल्याकडे गणपतीला कोकणात जागा मिळेल का, असं विचारण्यासारखंच मी केलं होतं.

ओंडका हरणं टांगायचा होता. हे कळेपर्यंत आईने त्यावर आपलं पातळ वाळत घातलं होतं आणि तासाभरात त्याचा पत्रा झाला होता. आत जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर हरणाचं मुंडकं. "ते बघतंय रे," म्हणत आईने घास खाली ठेवला. शेवटी बायकोने त्याच्यावर शाल टाकली. नारळ तेवढा द्यायचा राहिला.

"आपल्या पंचवटीत एका हरणापायी अख्खं रामायण घडलं," आई म्हणाली, "आणि तू पैसे मोजून आम्हाला इथे आणलंस!" आई नाशिकची. तिच्या लेखी हा वाद तिथेच संपतो.

तळ्यापर्यंत फिरायला जायचं तर अंगावर भडक नारिंगी हवं, असं दुकानदार म्हणाला. शिकाऱ्यांना तर कायदाच आहे, कमरेच्या वरचे निम्मे कपडे तरी त्या रंगाचे हवेत. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. आईला गुलाबी मिळेना, मग तिघांनाही नारिंगी जाकिटं घेतली. जाकिटांचं बिल केबिनच्या एका रात्रीच्या भाड्याइतकं झालं. तिघं एका ओळीत निघालो की दिंडी चुकलेले वारकरी वाटायचो. गंमत म्हणजे हरणाला हा रंग नीट दिसतच नाही, त्याला लाल-नारिंगीची पारख नसते. शिकारी दिसतो तो फक्त दुसऱ्या शिकाऱ्याला, आणि तेवढ्यासाठीच हा खटाटोप.

पण नाक! हरणाचं नाक फार तिखट. इथले लोक बिनवासाच्या साबणाने अंघोळ करतात, कपडे वेगळे धुतात, वारा कुठून येतोय ते बघून झाडावरच्या मचाणात तासन्‌तास बसतात. आणि आमच्या केबिनवरून वारा नेमका त्यांच्याकडे वाहत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. बाहेर साडेसहा फुटी नारिंगी शेजारी, टोपी हातात घेऊन, अतिशय अदबीने उभा. आमच्याकडे काही जळतंय का, असं त्याने विचारलं. काही जळत नव्हतं. आईने वरणाला हिंग, लसूण, सुक्या मिरच्यांची फोडणी दिली होती. पहाटेपासून तो मचाणात बसला होता म्हणे, आणि समोर आलेलं एकुलतं एक हरीण नाक वर करून उभं राहिलं आणि उधळलं.

"वाचलं ना बिचारं," आई मराठीत म्हणाली. मी इंग्रजीत माफी मागितली.

मग तह झाला. इथे सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी शिकार बंद होते आणि या दिवसांत सूर्य सव्वाचारच्या सुमारासच मावळतो. त्याच्या आत आमच्याकडे फोडणी नाही. बदल्यात तो आमच्या वाटेवरचा बर्फ काढून देणार.

त्यानंतरचे दोन दिवस चार वाजले की आई हातात मोहरीचा डबा घेऊन खिडकीशी उभी. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघावी, तशी सूर्य पूर्ण बुडायची वाट बघत. "झाली का रे वीस मिनिटं?" मी घड्याळ बघायचो. बायको गॅसपाशी कढल्यातलं तेल तापवून तयार. आणि समोरच्या झाडीतून टॉर्च घेऊन शेजारी आमच्याच दिशेने येत असायचा, रिकामं भांडं घेऊन.