टेस्लांचा मनोरा पुन्हा कुणी का बांधला नाही?

"टेस्ला जगाला फुकट वीज देणार होते, पण भांडवलदारांनी ती दाबून टाकली." ही फुकट वीज म्हणजे एका मनोऱ्यावरून तारांशिवाय सगळीकडे पोचवायची वीज. दर दोन-तीन महिन्यांनी हा मजकूर कुठल्या तरी ग्रुपवर फिरत येतोच. सोबत तो प्रसिद्ध फोटो. डोक्यावर विजांचा लोळ आणि खाली टेस्ला खुर्चीत निवांत वाचत बसलेले. माझं सगळं आयुष्य वीज क्षेत्रात गेलं आणि निकोला टेस्ला या विद्युत संशोधकाविषयी मला नितांत आदर आहे. म्हणूनच हा मजकूर वाचून वाईट वाटतं, आणि आज सविस्तर लिहितोय.

आधी फोटोचं. ठिणग्या आणि टेस्ला वेगवेगळ्या वेळी फोटोच्या एकाच काचेवर टिपलेत. हे खुद्द टेस्लांनीच लिहून ठेवलंय.

१८९९ मध्ये जॉन जेकब ॲस्टर या धनाढ्य माणसाकडून ३०,००० डॉलर घेऊन टेस्लांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला प्रयोगशाळा उभारली. तिथं त्यांनी लाखो व्होल्टचा दाब निर्माण केला, तोवर कुणी पाहिल्या नव्हत्या एवढ्या लांब ठिणग्या पाडल्या. पण वीज किती लांब पोचली? जून १९०० च्या 'सेंच्युरी' मासिकात त्यांनी स्वतः जो फोटो छापला, त्यात यंत्रापासून सुमारे १०० फुटांवर, जमिनीवर पसरलेल्या तारेच्या वेढ्याला जोडलेले तीन दिवे पेटलेले दिसतात. '२५ मैलांवर २०० दिवे पेटवले' ही गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर पसरली. त्यांची कोलोरॅडोची रोजनिशी बेलग्रेडच्या टेस्ला संग्रहालयाने १९७८ मध्ये छापली. तिच्यात या २०० दिव्यांची नोंद नाही.

पुढे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा मनोरा उभा राहिला, १८७ फूट उंच. बँकर जे. पी. मॉर्गन यांनी दीड लाख डॉलर दिले ते अटलांटिकपार बिनतारी संदेश पाठवण्यासाठी. डिसेंबर १९०१ मध्ये बिनतारी संदेशावरच काम करणाऱ्या मार्कोनींनी कितीतरी साध्या यंत्रणेनं समुद्रापलीकडे संकेत पोचवला. बाजारात मंदी, सामानाचे भाव वाढलेले, त्यात टेस्लांनी बेत बदलून मनोरा आणखी मोठा करायला घेतला. मग मॉर्गनना कळवलं की मला खरं तर वीजच पाठवायची आहे. जुलै १९०३ मध्ये मॉर्गननी आणखी पैसे द्यायला नकार दिला. "मीटर कुठं बसवायचा?" हे वाक्य त्यांच्या तोंडी नंतर घातलं गेलं. दिलेल्या पैशात ठरलेलं काम झालं नव्हतं, नकाराला एवढं कारण पुरेसं होतं. १९१७ मध्ये हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटी मनोरा पाडून भंगारात निघाला.

पण समजा, मॉर्गननी हवे तेवढे पैसे दिले असते. तरी?

अँटेनातून निघालेली ऊर्जा पसरत जाते. अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच जागेत चौथाई उरते. आकाशवाणीला हे चालतं, कारण रेडिओला संकेत नुसता ओळखता आला की झालं, आवाज काढायची ताकद त्याच्या सेलमधून येते. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर फिरवायची तर ती सगळी ताकदच वाटेनं यायला हवी. टेस्लांना हे पुरेपूर ठाऊक होतं. म्हणून त्यांची कल्पना निराळी होती. वीज हवेत सोडायचीच नाही, अख्ख्या पृथ्वीला तिच्या नैसर्गिक ठेक्यावर विजेचे हलके धक्के देत राहायचं, झोपाळ्याला द्यावेत तसे. मग जगात कुठंही रॉड पुरला की वीज मिळेल. कल्पना भव्य आहे, आजही वाचताना अंगावर काटा येतो. पण १९५२ मध्ये विन्फ्रीड शुमान या जर्मन शास्त्रज्ञानं जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीचा हा ठेका गणितानं काढला. प्रत्यक्ष मोजमापात तो सेकंदाला आठ कंपनांच्या आसपास निघाला. टेस्लांची कोलोरॅडोची यंत्रं याच्या हजारो पट वर चालत होती. शिवाय त्या खऱ्या ठेक्यावरही कंपन चार-सहा हेलकाव्यांत विरून जातं, ऊर्जा वाटेतच आयनांबरात जिरते. जमिनीत सोडलेला प्रवाहही जमीन तापवण्यात खर्ची पडतो. माती म्हणजे तांबं नव्हे.

आणि कुणी प्रयत्नच केला नाही, हेही खरं नाही. १९७० च्या दशकात रॉबर्ट गोल्का यांनी युटामधल्या वेंडोव्हरच्या जुन्या लष्करी हँगरमध्ये कोलोरॅडोसारखीच प्रचंड कॉइल बांधली. ठिणग्या तशाच पडल्या. अलीकडे टेक्सासमध्ये मिलफर्डजवळ एका कंपनीनं जवळपास तसाच मनोरा हमरस्त्यालगत सगळ्यांना दिसेल असा उभा केला. कुणी अडवलं नाही. त्यावरून एकाही गावाला वीज मिळालेली नाही.

बिनतारी वीज ज्यांनी खरंच पाठवली, त्यांचं नाव मात्र या मजकुरात कधी नसतं. अमेरिकी अभियंता विल्यम ब्राउन. १९६४ मध्ये त्यांनी मायक्रोवेव्हच्या झोतावर छोटं हेलिकॉप्टर तरंगत ठेवलं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दीड किलोमीटरवर ३० किलोवॉटहून जास्त वीज पोचवली. त्यासाठी २६ मीटरची तबकडी लागली आणि झोत नेमका समोरच्या पॅनेलवरच रोखावा लागला. चहूकडे वाटायची वीज ती नव्हेच. एवढा खटाटोप उपग्रहासाठी परवडेल. गावोगावी खांब आणि तार स्वस्त पडते, गळतीही कमी होते.

अमेरिकी सरकारनं टेस्लांचे कागद लंपास केले, असंही सांगतात. १९४३ मध्ये ते ताब्यात घेतले होते, हे खरं. पण पुढे ते बेलग्रेडला गेले आणि आज तिथल्या संग्रहालयात आहेत.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. फुकट विजेच्या या कथेत टेस्ला म्हणजे हरलेला, लुटला गेलेला बिचारा माणूस होतो. शेतकरी रात्री-अपरात्री थ्री फेज लाईटची वाट बघतो, ती लाईट आल्यावर विहिरीवर जी मोटर फिरते, ती इंडक्शन मोटर. तिची पेटंटं टेस्लांनी १८८८ मध्ये घेतली. १९१५ मध्ये कर्जापायी वॉर्डनक्लिफ त्यांच्या नावावरून गेलं. त्याच वर्षी खोपोलीच्या वीजघरातून घाटाच्या पाण्यावर तयार झालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचली. ती एसी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहाची वीज होती, आणि एसीसाठी टेस्लांनी उमेदीची वर्षं वेचली होती. आपल्या राज्यात ज्यांचं काम रोज गावोगाव चालू आहे, त्यांची आठवण न चाललेल्या मनोऱ्यावरून का काढायची?

ज्यांना अजूनही वाटतं की तो मनोरा चालला असता, त्यांनी कोलोरॅडोच्या रोजनिशीतलं पान किंवा कुठलंही मोजमाप खाली कमेंटमध्ये द्यावं. मी नीट वाचेन आणि उत्तर देईन.